उपसा

हेल्गेलंडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात
सूर्य दहाला येतो, दोनला निघून जातो.
पण आमच्या मत्स्यशाळेत, सात नंबरच्या टाकीवर,
दिवे चोवीस तास जळतात.
माशांना वाटतं, उन्हाळा आला.
आम्ही खोटं बोलतो, ते विश्वास ठेवतात,
अंगावरचे बोटांच्या ठशांसारखे डाग पुसून टाकतात
आणि रुप्यासारखे चमकू लागतात.

रूप बदलणं सोपं.
अवघड काम कल्ल्यांत चालतं, अंधारात.

नदीच्या पाण्यात मीठ नसतं जवळजवळ,
म्हणून कल्ले ते कणाकणानं आत ओढून घेतात.
समुद्रात उलटं.
तिथे मीठ न बोलावता घुसतं
आणि ते बाहेर घालवावं लागतं, रात्रंदिवस.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
साल्मनला ते मोजून परत करावं लागतं.
आणि ही उलटापालट
समुद्र दिसायच्या आधी
करून ठेवायची असते.

दोन्हीकडे चढच.
उतारावर काय, काहीही घरंगळतं,
त्याचे पैसे कोणी मागत नाही.
चढावर मात्र फुकट काही हलत नाही.
पेशीच्या पातळ भिंतीत एक पंप बसलाय:
तीन सोडियम बाहेर,
दोन पोटॅशियम आत,
आणि प्रत्येक फेरीला
इंधनाचा एक कण खर्च.

मी कल्ल्याचा तांदळाएवढा तुकडा कापते,
गोठवते, त्रोन्हाइमला पाठवते.
तिथून एक आकडा येतो:
पंप किती जोरात चालतोय त्याचा.

गेल्या साली आकडा कमी होता.
ओडलाइफ म्हणाला, बोट गुरुवारी येतेय,
आणि मासे बघ की, कसे लखलखतायत.
लखलखत होते.
मी सही केली.

आठवड्यानं जाळ्यातून जे वर आलं
ते वाळलेलं होतं. डोळे खोल, पोटं चिकटलेली.
सिमेन नवा पोरगा, हसला:
पाण्यात, आणि तहानेनं?
मी एक त्याच्या तळहातावर ठेवला.
मग तो हसला नाही.

रविवारी वडिलांकडे जाते. आर्नल्योत, ब्याण्णव.
गुडनी त्यांना एक बारीक गोळी देते,
जांभळ्या फुलांच्या एका झाडाच्या पानातलं विष, मापात.
ती हृदयातल्या याच पंपांना जरा दमवते.
थोडं मीठ आतच राहतं
आणि दमलेलं हृदय
मूठ जरा घट्ट आवळतं.
(म्हणजे सगळं उपसून टाकणंही बरं नसावं.
हे मला कुठे लावायचं ते कळलेलं नाही.)

सहा वर्षांचे असताना त्यांना बोटीत बसवलं,
हातात लाकडी डवला दिला. उपस.
ते सांगायचे: वल्हवणाऱ्याला लोक विचारतात, कुठवर गेलास?
उपसणाऱ्याला काय विचारणार?
तो कुठेच जात नाही.
तो फक्त बुडत नाही.

आता ते मला ओळखत नाहीत.
मी लापशी भरवते.
चार-पाच चमच्यांतला एक तरी
याच कामावर जातो, असं वाचलंय:
स्वस्थ पडून असतानाही,
तीन बाहेर, दोन आत,
कोट्यवधी दारांशी,
नुसतं होतं तिथे राहण्यासाठी.

या बुधवारी आकडा आला.
अजून कमी.
मी चौकटीत 'नाही' लिहिलं
आणि पेन खिशात घातलं, कोणी मागू नये म्हणून.
ओडलाइफ खिडकीकडे गेला, बराच वेळ तिथेच होता.
गुरुवारी बोट धक्क्याला लागली,
रिकामीच परत वळली, भाडं आमच्या माथी.

रात्री सात नंबरपाशी उभी होते.
सगळे प्रवाहाकडे तोंड करून,
जागच्या जागी पोहत,
एक बोटभरही पुढे न सरकता.
वडिलांचा उजवा हात आठवला,
पांघरुणावर, झोपेत:
वाकतो, भरून घेतो, कडेवरून ओततो.